गावाच्या मध्यापासून अर्धा तास

१७ डिसेंबर १९४६. सकाळी आठच्या सुमारास स्टोव्हवर कात्र्या आणि चिमटे उकळायला ठेवून मी गॉजच्या घड्या घालत बसले होते. तेवढ्यात मंडळाचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. ठरल्याप्रमाणे आज चार वाजता बैठक आहे, दोन्ही गावांच्या मोजणीचे कागद घेऊन यावे, सही आजच करावयाची आहे. खाली चिटणीसांची सही. स्टोव्हचा एक पाय डगमगत होता. मी चिठ्ठीची घडी करून त्या पायाखाली सारली. चांगली बसली.

मी नर्स. ज्या मंडळात होते ते नगरातल्या आठदहा प्रतिष्ठित गृहस्थांनी काढलेले धर्मादाय मंडळ. अध्यक्ष रावसाहेब आणि चिटणीस पानसे. हे पानसे ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, माणसांपेक्षा नकाशावर जास्त जीव असलेले गृहस्थ. मंडळ खेड्यापाड्यांत बाळंतिणींसाठी केंद्रे काढीत असे. केंद्र म्हणजे दोन खोल्या, चार खाटा, एक नर्स आणि चोवीस तास गरम पाणी. त्या वर्षी मुंबईच्या एका देणगीदाराने आणखी एका केंद्राचा खर्च कबूल केला होता. गावे दोन पुढे आली होती, नेवासा आणि तिसगाव. देणगीदाराची अट अशी की, ज्या गावाच्या मध्याजवळ जास्त लोक राहतात तिथे केंद्र व्हावे आणि तशा मोजणीचा कागद नर्सच्या सहीने यावा. नर्सच्याच का, तर गृहस्थ मंडळींचा त्याला अनुभव असावा.

नर्सचे काम सुई टोचण्याचे, असा लोकांचा समज आहे. माझ्या नोकरीतला बराच काळ माणसे मोजण्यात गेला. खाटा चारच असतील तर त्या कुठे टाकायच्या, हे औषधापेक्षा महत्त्वाचे असते. चुकीच्या जागी टाकलेली खाट ही नुसती खाट असते.

पानशांची मोजण्याची रीत साधी होती. नकाशा पसरायचा, गावच्या चावडीवर परकाराचे टोक टेकवायचे, एका मैलाचे वर्तुळ काढायचे आणि वर्तुळात येणाऱ्या घरांच्या रेशनकार्डांवरची माणसे मिळवायची. बेरीज त्यांची कधी चुकत नसे. पण रेशनकार्डावर माणूस मरत नाही. तीन वर्षांपूर्वी वारलेला आजा दरमहा आपली साखर घेऊन जात असतो. आणि वर्तुळाला ओढा दिसत नाही, चढ दिसत नाही, बाई दिसत नाही.

हे शहाणपण मला आधीपासून होते असा आव मी आणत नाही. त्याच्या दोन वर्षे आधी श्रीरामपूरला केंद्र निघाले, तेव्हा पानशांच्या वर्तुळाखाली मीच सही केली होती. बाजार आणि स्टेशन यांच्या मधोमध जागा मिळाली. वर्तुळात माणसे खच्चून भरलेली. आम्ही खाटा टाकल्या, पाणी तापवले आणि वाट बघत बसलो. पहिल्या महिन्यात आले कोण, तर पोत्याखाली अंगठा चेचलेला एक हमाल, जुलाबाचे औषध मागणारा एक मुनीम, आणि "इथं रात्रीपुरती खाट भाड्यानं मिळंल का?" असे विचारणारा एक कापसाचा दलाल. तेव्हा उलगडा झाला. बाजाराभोवती राहणारे ते सगळे वखारीतले हमाल, पेढीवरचे मुनीम, हॉटेलातले वाढपी. माणसे खरीच होती, खोटा आकडा नव्हता. पण बायका-पोरे त्यांच्या गावी. जी कुटुंबे होती ती बाहेर, कॅनॉलकडेच्या मळ्यांत. तिकडून एक बाई गाडीतून आणीत होते, ती वाटेतच बाळंत झाली. बाई वाचली, मूल राहिले नाही. पुढे केंद्र हलवले. वर्तुळ पानशांचे होते, पण कागदावर सही माझी होती. ती खोडायची सोय नसते.

म्हणून या खेपेला मी माझी रीत काढली. मैल सोडून दिला. कळा सुरू झालेली बाई दर शंभर पावलांवर भिंतीला हात टेकून थांबते. तशी थांबत-थांबत ती अर्ध्या तासात गावाच्या मध्यापर्यंत जिथून येऊ शकेल, ते घर जवळचे. बाकीचे लांबचे, मग नकाशावर ते कितीही जवळ दिसो. आणि मोजायचे ते कार्ड नव्हे, घरही नव्हे. मोजायच्या त्या घरातल्या मूल होण्याच्या वयाच्या बायका.

नेवाशाला मी स्वतः दारोदार फिरले. मोजायला गेले की पहिली अडचण येते ती अशी की, आपल्या भागात आई लेकरांचा आकडा सांगत नाही. मोजल्या लेकराला नजर लागते. "पोरं किती?" विचारले की "हायेत देवाच्या दयेनं" एवढेच उत्तर. म्हणून मी विचारू लागले, "घरात चोळ्या किती जणींना लागतात?" तो माझा मूर्खपणा. कापडाचे कंट्रोल चालू होते, कापड मोजून मिळत असे. तासाभरात बातमी पसरली की सरकारी बाई चोळ्यांचे कापड वाटायला आली आहे, आणि पुढच्या आळीत घराघरांत सहा-सहा, सात-सात जणी निघायला लागल्या. एका म्हातारीने तर गोठ्यातली गाभण गाय सोडून बाकी सगळ्यांची नावे सांगितली. ती पूर्ण आळी मला दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागली, आणि शिव्या खाव्या लागल्या त्या वेगळ्या.

नेवाशाची दुसरी अडचण प्रवरेची. गाव नदीच्या दोन्ही अंगांना आहे. पानशांच्या वर्तुळाने नदी अशी ओलांडली होती की जणू तिथे फरसबंदी आहे. पलीकडच्या काठावरून पावसाळ्यात पाणी चढले की धडधाकट पुरुषही येत नाही, तर कळा देणारी बाई कुठून येणार? मी अलीकडचा काठ मोजला, पलीकडचा वेगळ्या कागदावर लिहिला आणि वर शेरा मारला, 'चार महिने लांब'.

तिसगावला मला साळूबाई भेटली. पाथर्डीच्या वाटेवरचे हे बाजारचे गाव. घरे बाजारपेठेला चिकटून, एकमेकांच्या भिंतीला भिंत. साळूबाई तिथली सुईण. साठी उलटलेली, अंगाने काटक, तोंडाने तिखट. मी ओळख सांगितल्यावर तिने मला आपादमस्तक पाहिले.

"लगीन झालंय का तुजं?"

"नाही."

"मंग तुला काय कळतंय गं बाळातपनातलं?"

"पाचशेच्या वर केलीत, साळूबाई."

"म्या मोजली न्हाईत," ती म्हणाली आणि मला बसायला पोते टाकले.

चहा देताना तिच्या हातातली कपबशी खुळखुळत होती. मी पाहते आहे हे तिने पाहिले आणि बशी खाली ठेवली.

"दोन पावसाळं झालं. हात थरथरतो. परवा एकीची नाळ कापाया गेले तर विळा हालाया लागला. तिच्या सासूनं मनगाट धरलं माजं, तवा कापली. ह्या गावात माज्या मागं कुनी न्हाई, नर्सबाय. तुमचा दवाखाना आला तर आला. न्हाईतर पुढच्या पावसाळ्यापासून पोरींनी कुनाच्या तोंडाकडं बगायचं?"

तिसगावचे काय पणाला लागले होते ते मला त्या वाक्यात कळले. नेवासा तालुक्याचे गाव. तिथे एक डॉक्टर होता, दोन सुइणी होत्या. तिसगावात साळूबाईचे दोन हात होते आणि ते थरथरत होते.

तिथे मला दारोदार जायची गरज पडली नाही. साळूबाई ओट्यावर बसून एकेक घर बोलत गेली आणि मी लिहीत गेले. "पेठंच्या तोंडाशी पयलं घर, तिथं चौगी. त्याला लागून तांबोळ्याचं, तिथं पाच." कागद बघायचा नाही, बोटे मोडायची नाहीत, कुठे अडखळणे नाही. नंतर तिच्या मागे-मागे चालून मी वाट तेवढी घड्याळ लावून मोजली. सबंध पेठ अर्ध्या तासाच्या आत बसत होती. शेवटी बेरीज केली तर तिसगाव नेवाशाच्या कितीतरी पुढे. मला आनंद झाला हे कबूल करते. मोजणाऱ्याला आनंद झाला की त्याने बेरीज पुन्हा तपासावी. मी तपासली नाही.

आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. कागद मंडळाकडे राहिले आहेत, आणि आठवणीतून आकडे देणे हाच तर या साऱ्या भांडणाचा विषय होता.

बैठकीच्या दिवशी साळूबाई तिसगावहून सकाळच्या सर्व्हिस मोटारीने आली होती. बैठकीची तारीख तिला मोजणीच्या वेळी माझ्याकडूनच कळली होती, पण तिला कुणी बोलावले नव्हते. मंडळाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून ती तंबाखू मळत बसली.

आत पानशांनी माझे दोन्ही कागद वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला. "बाई, नेवाशाची पलीकडची बाजू तुम्ही कापून टाकलीत. ठीक. नदी आहे, मान्य. आता तिसगाव. हे पेठेतलं सातवं घर कुणाचं?"

मी नाव सांगितले.

"हा माणूस अकरा वर्षं माझ्या हाताखाली शिपाई होता. मी त्याच्या घरी जेवलो आहे. त्या घरात एक म्हातारी आणि एक सून. तुम्ही मूल होण्याच्या वयाच्या चौघी लिहिल्यात. सुनेच्या जागी चार सुना आल्या का त्याला?"

कुणीतरी हसले. रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी उठले, दार उघडले आणि साळूबाईला आत बोलावले. ती दाराच्या चौकटीत उभी राहिली, आत आली नाही.

"साळूबाई, सातव्या घरात चौघी कोण?"

"एक सून. आन तीन लेकी."

"लेकी कुठे असतात?"

"थोरली मिरीला दिली, मधली शेवगावला, धाकटी करंजीला."

पानसे खुर्चीत मागे रेलले. "ऐका. म्हणजे एकही तिथं राहत नाही."

"राह्यनात कुठं बी," साळूबाई म्हणाली. "तिगींच्या नाळा म्या पुरल्यात त्या परसात. त्या माज्या गावच्या."

"अहो, नाळ पुरली म्हणून माणूस तिथं राहतो असं होत नाही. मोजणी राहणाऱ्यांची आहे."

"मोजनी कशाची हाय? बाळातपनाचीच ना?" तिने तंबाखूची मूठ दुसऱ्या हातात घेतली. "सायेब, तुमास्नी लेक हाय का?"

"आहे. त्याचा इथं काय संबंध?"

"कुठं दिली?"

"मुंबईला."

"पयलं बाळातपन कुठं झालं तिचं?"

पानशांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. रावसाहेब म्हणाले, "इथंच झालं की, पानसे. बारशाला मी आलो होतो."

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय-काय कोसळले ते सांगते. साळूबाईने मला फसवले नव्हते. तिच्या हिशेबी गावची बाई म्हणजे जिचे एखादे तरी बाळंतपण त्या गावात होते ती. पहिल्या खेपेला लेक माहेरी येते आणि सून आपल्या माहेरी जाते, हे मी वीस वर्षे डोळ्यांनी पाहत आले होते, आणि तरी नेवाशात दारोदार फिरून मी घरातल्या सुना मोजल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या पहिल्या खेपेला नेवाशात राहणारच नव्हत्या. उलट ज्या लेकी येणार होत्या त्यांतली एकही माझ्या कागदावर नव्हती. तिसगावच्या कागदावर लेकीही होत्या आणि सुनाही. एका गावाला मी एक माप लावले, दुसऱ्याला दुसरे. पानशांच्या वर्तुळाला हसणारी मी, माझी रीत त्याहून बरी नव्हती.

"तिसगावचा आकडा चुकला आहे," मी म्हणाले. "चूक माझी आहे. मी तपासला नाही."

"झालं तर मग," पानसे म्हणाले. त्यांनी तिसऱ्या एका कागदावर नेवाशाचे नाव आधीच लिहून आणले होते. तो माझ्यापुढे सरकवला आणि दौत पुढे केली. "करा सही."

"नेवाशाचाही चुकला आहे."

"तो तर तुम्ही स्वतः मोजलात."

"स्वतः मोजला म्हणून बरोबर होत नाही. पहिलटकरणी माहेरी येतात. नेवाशाच्या लेकी त्यात धरल्या नाहीत, आणि पहिल्या खेपेला बाहेर जाणाऱ्या सुना वजा केल्या नाहीत. दोन्ही गावं पुन्हा मोजावी लागतील. एकाच मापानं."

रावसाहेबांनी घड्याळ काढून पाहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना फक्त बैठका संपवायला आवडत. "बाई, देणगीदाराला कागद आठ दिवसांत पोचायला हवा. नाही पोचला तर पैसा दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. नेवासा तालुक्याचं गाव आहे, कुणी विचारणार नाही. सही करा आणि विषय संपवा."

"श्रीरामपूरलाही कुणी विचारणार नव्हतं."

ते नाव मंडळात कुणी काढत नसे.

"नोकरी मंडळाची आहे, बाई," पानसे हळूच म्हणाले.

"आहे ना. मंडळानं हवी तर दुसऱ्या कुणाला द्यावी आणि त्या नर्सची सही घ्यावी. मी ज्या कागदावर सही करीन त्यावरचा आकडा मी मोजलेला असेल. तिसगावच्या बाजूचा खोटा कागद असता तरी त्यावरही केली नसती." हे शेवटचे वाक्य बोलताना मी साळूबाईकडे पाहिले नाही. माझ्या या बोलण्याने तिच्या गावचे केंद्र कदाचित तिथल्या तिथे बुडत होते, आणि ते तिला कळत होते.

"आठ दिवसांत दोन गावं?" रावसाहेब म्हणाले. "तीही एकट्यानं?"

"म्या हाय की," दारातून साळूबाई म्हणाली.

पानसे हसले. "म्हणजे तिसगावची सुईण नेवासा मोजणार. उत्तम."

"तुम्हीही चला, पानसेसाहेब," मी म्हणाले. "नेवाशात अर्धा तास चालायचं आहे. दर शंभर पावलांवर थांबायचं, घाई नाही." ते आले नाहीत. रावसाहेबांनी आठ दिवस दिले, त्यांतला एक गेलेला धरून.

शेवट काय झाला ते इथेच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. सातव्या दिवशी संध्याकाळी मी सही केली. केंद्र तिसगावला झाले. पहिल्या कागदावर दिसत होता तेवढा मोठा फरक मुळीच नव्हता, अगदी थोडा होता. नेवाशाच्या लोकांनी माझ्याविरुद्ध अर्ज केला, तोही मी वाचला. त्यातले अर्धे बरोबर होते. नदीपलीकडच्या बायकांना चार महिने कुणी वाली नाही हे मीच लिहिले होते, आणि तिथे केंद्र देण्याची ताकद ना माझ्यात होती ना मंडळात. याचे वाईट अजून वाटते. पण सहीचे वाटत नाही.

मला खरे सांगायचे आहे ते बैठकीच्या दुसऱ्या दिवसाचे.

पहाटेच्या मोटारीने आम्ही दोघी नेवाशाला उतरलो. साळूबाईने भाकरीचे गाठोडे काखेत मारले होते. वाटेत ती फारसे बोलली नव्हती. मी एकदा म्हणाले, "साळूबाई, आज ज्या लिहायच्या त्या सगळ्या तुझ्या गावाच्या विरुद्ध जाणार आहेत."

"ठाऊक हाय," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

पहिल्या घरी एक बाई सूप घेऊन बाजरी पाखडत बसली होती. मला पाहताच तिने ओळखले. "ह्या त्याच की, चोळीवाल्या. कुठाय कापड?"

मी काही बोलायच्या आत साळूबाई तिच्यासमोर उकिडवी बसली आणि सुपातले चार खडे वेचून बाजूला टाकले. "कापड न्हाई अन् काय न्हाई. लेकी किती तुला?"

"कशाला गं?"

"दिल्या कुठं?"

"एक भेंड्याला, एक कुकाण्याला, दोगी तिकडं गंगंच्या पल्याड. का?"

"पयल्या खेपंला येत्यात का तुज्याकडं?"

"न्हाई यायला काय झालं? आय मेली न्हाई त्यांची अजून."

"समद्यांची झाली का पयली?"

"थोरलीची झाली. तिगींची व्हायचीत."

साळूबाईने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी पेन्सिल हातात धरून बसले होते. तिच्या आवाजात काही फरक पडला नाही.

"लिव्हा, नर्सबाय. नेवासं, तीन."

मी तीन लिहिले. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि शेजारच्या घराकडे चालू लागली.